दख्खनच्या फोडणीचे तेल

'गोडेतेल' म्हटले की आज बहुतेक मराठी घरांत शेंगदाण्याचे तेल समजले जाते. परंतु हा शब्द दख्खनमध्ये भुईमुगाचे पीक पसरण्यापूर्वीचा आहे, आणि त्या काळी गोडेतेल म्हणजे प्रामुख्याने तिळाचे तेल असे. करंज, उंडी यांसारख्या बियांचे जे तेल दिव्यात जळे, अंगाला किंवा चामड्याला लावले जाई आणि खाता मात्र येत नसे, ते कडू तेल. आणि जे फोडणीला चाले ते गोडे, अशी ही साधी व्यवहारातील विभागणी होती. 'तेल' हा शब्दच संस्कृत 'तैल' म्हणजे 'तिळापासून निघालेले' यावरून आला असल्यामुळे करडईचे तेल किंवा जवसाचे तेल असे म्हणताना बोलणारा नकळत तिळाचेच नाव घेत असतो. एका शब्दाने तिळापासून शेंगदाण्यापर्यंत आणि आता सोयाबीनच्या पिशवीपर्यंत केलेला हा प्रवास दख्खनच्या आहाराच्या इतिहासाचा चांगला माग दाखवतो. त्या इतिहासातून एक गोष्ट वारंवार समोर येते, ती अशी की कढईत कोणते तेल पडावे हे जमिनीने, बंदराने, कारखान्याने आणि रेशनच्या दुकानाने ठरवले. वैद्य आणि डॉक्टर यांचे मत बहुतेक वेळा त्या निवडीच्या मागून आले.

आयुर्वेदाने स्निग्ध पदार्थांचा विचार फार लवकर आणि फार बारकाईने केला होता, हे मात्र विसरता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्नेहांसाठी एक स्वतंत्र अध्याय असून त्यात तूप, तेल, वसा म्हणजे प्राण्यांच्या मांसातील चरबी, आणि मज्जा म्हणजे हाडांतील स्निग्ध अंश, असे चार स्नेह सांगितले आहेत. त्यांत तुपाला पहिला मान दिला आहे, तर तेलांमध्ये तिळाचे श्रेष्ठ मानले आहे. कोणता स्नेह कोणी, कोणत्या ऋतूत, किती मात्रेत घ्यावा आणि पचनशक्ती मंद असणाऱ्याने कशापासून दूर राहावे, याची चर्चा त्याच ठिकाणी येते. पुढे त्याच सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंदित म्हणजे दोषयुक्त शरीराचे ठरवून, स्थूल माणसाला पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न द्यावे, असा उपाय सांगितला आहे. भूक भागावी आणि मेद मात्र वाढू नये, हा त्यामागचा हेतू आजच्या आहारतज्ज्ञाला अपरिचित वाटणार नाही. स्नेह सरसकट चांगला किंवा सरसकट वाईट अशी भाषा त्या ग्रंथात नाही. तो कोणाच्या शरीरात जातो याकडे सतत लक्ष आहे.

ग्रंथातील हा विचार ज्या समाजात वाचला जाई, त्याच समाजात तेल काढण्याचे काम तेली करी. गावगाड्याच्या अनेक याद्यांत तेल्याची गणना अलुतेदारांमध्ये केलेली आढळते, म्हणजे बारा बलुतेदारांइतकी रोजची गरज नसलेल्या, तरीही गावाला हव्या असणाऱ्या कारागिरांमध्ये. संत तुकारामांचे शिष्य आणि त्यांच्या अभंगांचे एक लेखनिक मानले जाणारे संताजी जगनाडे महाराज हे याच समाजातले होते. मावळातील सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. कोकणात, जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, हाच व्यवसाय बेने इस्रायली ज्यू कुटुंबे करीत आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत; म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. धर्माची खूण धंद्याच्या सुट्टीवरून ओळखली जावी, यावरून घाण्याचा आवाज गावाच्या रोजच्या जगण्यात किती मुरला होता हे कळते.

घाणा म्हणजे लाकडाचे किंवा दगडाचे जमिनीत पुरलेले मोठे उखळ, त्यात तिरपी फिरणारी जाड लाट, लाटेला जोडलेला आडवा दांडा आणि त्या दांड्याला जुंपलेला, डोळ्यांना झापड बांधलेला बैल. बी उखळात टाकून वर थोडे पाणी शिंपडले की लाटेच्या दाबाने ते भरडले जाई, तेल सुटे आणि उरलेली पेंड गुरांच्या पुढ्यात जाई. एका वेळी जेवढे बी उखळात मावे तेवढे म्हणजे एक घाणा. आणि आजही मराठी स्वयंपाकघरात भज्यांचा किंवा पुऱ्यांचा एका वेळी कढईत सोडलेला भाग 'घाणा' याच नावाने ओळखला जातो. या पद्धतीत उष्णता फार वाढत नसे, त्यामुळे बियांचा वास आणि रंग तेलात उतरे. पण तेवढ्याच कारणाने पेंडीत बरेच तेल शिल्लक राही आणि काढलेले तेल फार दिवस टिकत नसे. ताजे तेल थोडे थोडे घ्यायचे आणि लगेच वापरायचे, ही सवय चवीच्या हौसेतून आलेली नव्हती, तिच्यामागे ही तांत्रिक मर्यादा होती.

कोणत्या भागात कोणते तेल चालावे, हे पावसाने आणि मातीने ठरवलेले होते. दख्खनच्या काळ्या जमिनीत रब्बीच्या ज्वारीभोवती करडईचे पट्टे पेरले जात, कारण तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नसत आणि सोटमूळ खोल जात असल्याने जमिनीतील उरलेल्या ओलीवर ती तगे. सह्याद्रीच्या उताराच्या हलक्या जमिनीत कारळे, म्हणजे खुरासणी, येई. विदर्भात जवस मोठ्या प्रमाणात होता. मोहाच्या पट्ट्यातील आदिवासी त्या झाडाच्या बियांचे तेल खात. किनाऱ्यावर आणि गोव्यात नारळाचे राज्य होते, आणि तेथेच रातांब्याच्या बिया कुटून, उकळून, वर तरंगलेल्या स्नेहाचे मुठीएवढे गोळे करीत. हेच कोकमेल किंवा भिरंडेल, जे भेगा पडलेल्या टाचांना लागे आणि जेवणातही पडे. तूप हा या सर्वांच्या वरचा पदार्थ. दुभते जनावर घरी असेल त्याच्याकडे तो रोजचा, इतरांकडे सणाचा.

येथे एक मोजमाप ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांनुसार १९६०-६१ मध्ये देशात खाद्यतेलाची दरडोई उपलब्धता, वनस्पती तूप वगळता, वर्षाला ३.२ किलो होती, म्हणजे दिवसाला ९ ग्रॅमही नाही, जेमतेम दोन चहाचे चमचे. त्या काळातील बहुसंख्य माणसांच्या शरीराला स्नेह मिळे तो बऱ्याच अंशी न दिसणाऱ्या वाटेने: भाकरीबरोबरच्या जवसाच्या, कारळ्याच्या, तिळाच्या चटणीतून, शेंगदाण्याच्या कुटातून, धान्यातील आणि डाळीतील थोड्याशा अंशातून. आहारशास्त्र ज्याला दृश्य स्नेह म्हणते तो वरून घातलेला, आणि अदृश्य स्नेह म्हणजे अन्नपदार्थात मुळातच असलेला. जुन्या दख्खनी ताटात दुसऱ्याचे महत्त्व मोठे होते. चटणीसाठी बी अख्खे भाजून कुटले जात असल्याने त्यातील प्रथिने आणि तंतुमय भागही पोटात जाई, जो घाण्यावर पेंडीबरोबर गुरांकडे जातो. हेच बी जेव्हा केवळ तेलाच्या रूपाने घरात येऊ लागले, तेव्हा आहारातून काय वजा झाले याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही.

भुईमुगाने हा नकाशा प्रथम बदलला. दक्षिण अमेरिकेतले हे पीक सागरी व्यापाराच्या वाटेने भारतात आले. एकोणिसाव्या शतकात पाँडिचेरीच्या किनाऱ्यावरून ते फ्रान्समधील मार्सेयच्या साबण आणि तेल कारखान्यांकडे जाऊ लागले, आणि मागणी वाढली तसे दख्खनमध्ये पसरले. मध्यंतरी रोगाने पीक खालावल्यावर परदेशांतून नव्या जाती आणून लावण्यात आल्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भुईमूग पश्चिम भारताचे मुख्य तेलबी झाला. एकरी तेल जास्त, चव सौम्य, तळणाला सोयीचे. तिळाची जागा त्याने घेतली ती या गुणांवर आणि निर्यातीच्या बाजारावर. त्याच सुमारास वाफेवर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, ज्या बैलाच्या घाण्यापेक्षा कितीतरी अधिक तेल स्वस्तात काढीत, आणि गावचा तेली आपल्याच गावात गिऱ्हाईक शोधू लागला.

दुसरा बदल प्रयोगशाळेतून आला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याची पद्धत विकसित केली, जिच्यासाठी त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तीच कल्पना पातळ तेल घट्ट करण्यासाठी पेटंट केली. हे समजून घेण्यासाठी स्नेहाची रचना थोडी पाहावी लागते. प्रत्येक स्निग्ध पदार्थ मेदाम्लांच्या लांब साखळ्यांनी बनलेला असतो. साखळीतील कार्बनच्या सर्व जागा हायड्रोजनने भरलेल्या असतील तर ते संपृक्त मेदाम्ल, आणि असा स्नेह तुपासारखा गोठतो. एका जागी दुहेरी बंध असेल तर ते एक-असंपृक्त, अनेक जागी असतील तर बहु-असंपृक्त, आणि असे तेल पातळ राहते. दुहेरी बंधांवर हायड्रोजन बसवला की पातळ तेल घट्ट होते, टिकते आणि रवाळ तुपासारखे दिसू लागते.

भारतात आधी हॉलंडहून येणारे हे 'वनस्पती तूप' १९३० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या शिवडी भागातील हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. दादा या आयातदाराच्या नावात लिव्हर कंपनीचा 'ल' मिसळून 'डालडा' हे नाव १९३७ मध्ये बाजारात आले. पिवळ्या डब्यावरचे हिरवे ताडाचे झाड लवकरच इतके ओळखीचे झाले की कोणत्याही कंपनीच्या वनस्पतीला लोक डालडाच म्हणू लागले. त्याचे आकर्षण समजण्यासारखे होते: ज्यांना तूप कधी परवडले नव्हते त्या घरांत लाडू, पुऱ्या, शिरा यांना तुपासारखे रूप देणारी वस्तू तुपाच्या कितीतरी खालच्या भावात मिळू लागली. गरीब घरातील स्त्रीने ती आनंदाने घेतली, यात तिचा काही दोष काढता येणार नाही.

विरोध उभा राहिला तो मुख्यतः वर्ध्याहून. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मुख्य ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. तेथेच झवेरभाई पटेल यांनी गावठी घाण्याचा बारकाईने अभ्यास करून अधिक बी घेणारा आणि अधिक तेल देणारा सुधारलेला घाणा तयार केला, जो वर्धा घाणा किंवा मगनवाडी घाणा म्हणून ओळखला गेला. गांधीजींचा आक्षेप दुहेरी होता: वनस्पती तुपाच्या रूपाने खपवली जाते ही फसवणूक, आणि तेली व गवळी या दोघांचाही धंदा तिच्यामुळे बुडतो हा अन्याय. तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीला रंग देण्याची मागणी झाली, स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत पोहोचली. पण सर्वसंमत रंग मिळाला नाही आणि बंदीही आली नाही. त्याऐवजी वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलातील एका घटकामुळे बोदुअँ चाचणीत, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल घातल्यावर, किरमिजी रंग उमटतो, आणि तुपात वनस्पती मिसळली असेल तर प्रयोगशाळेत ती पकडली जाते. फोडणीतून हद्दपार होत चाललेले तिळाचे तेल अशा रीतीने भेसळीचा साक्षीदार म्हणून परत आले, ही या इतिहासातील मन हेलावणारी घटना म्हणावी लागेल.

त्या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हती. हायड्रोजन अर्धवट जोडला गेला तर उरलेल्या काही दुहेरी बंधांची दिशा पालटते आणि साखळी वाकडीऐवजी सरळ होते. या पालटलेल्या मेदाम्लाला ट्रान्स मेदाम्ल म्हणतात. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिले की ते रक्तातील एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, वाढवते आणि एचडीएल, म्हणजे परत वाहून नेले जाणारे कोलेस्टेरॉल, घटवते. संपृक्त मेदाम्लांहूनही त्याचा हा दुहेरी परिणाम वाईट ठरला. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात ही मर्यादा आधी १०, मग ५, २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. डालडाच्या पहिल्या डब्यापासून या नियमापर्यंत जवळपास ८५ वर्षे गेली, आणि त्या काळात बेकरीची खारी, नानकटाई, मिठाई आणि लग्नातील पंगती यांतून कित्येक पिढ्यांनी हे मेदाम्ल खाल्ले. ही किंमत मोजणाऱ्यांत बहुसंख्य तेच होते ज्यांना खरे तूप परवडत नव्हते.

तुपाची कथा या दरम्यान उलट दिशेने चालली होती. अमेरिकेत अँसल कीज यांच्या संशोधनामुळे आणि १९६१ मध्ये तेथील हृदयरोग संघटनेने दिलेल्या सल्ल्यामुळे संपृक्त स्नेह हा हृदयविकाराचा प्रमुख आरोपी ठरला, आणि मराठी मध्यमवर्गीय घरांतही वरणभातावरची तुपाची धार आखडू लागली. याच काळात मुंबईत पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी दहा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक निष्कर्ष मांडला: दक्षिणेतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेतील कर्मचाऱ्यांपेक्षा सुमारे सातपट होते, वास्तविक उत्तरेकडचे लोक कितीतरी पट अधिक स्नेह, आणि तोही मुख्यतः दुधातुपाचा, खात होते. एवढ्यावरून तूप निर्दोष ठरत नाही. कामाचे स्वरूप, इतर आहार, निदानाची सोय अशा अनेक गोष्टी अशा तुलनेत मिसळलेल्या असतात, आणि तुपातील संपृक्त मेदाम्ले एलडीएल वाढवतात हे पुढच्या प्रयोगांनी पक्के केले आहे. तरीही एका देशातील आहारावरून काढलेला नियम दुसऱ्या देशाच्या ताटाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे त्या अभ्यासाने दाखवले, आणि त्याची आठवण जितकी ठेवली जायला हवी होती तितकी ठेवली गेली नाही.

संपृक्त स्नेहाविरुद्धच्या या लाटेवर करडईचे भाग्य उजळले. तिच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलीइक आम्लाचा असतो. हे बहु-असंपृक्त मेदाम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, म्हणून ते आवश्यक मेदाम्ल म्हटले जाते, आणि संपृक्त स्नेहाच्या जागी ते घेतल्यास एलडीएल उतरते. शेताच्या बांधावरचे काटेरी पीक 'सफोला' या नावाने शहरातील हृदयजागरूक कुटुंबाच्या घरात पोहोचले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर दीर्घ काळ काम करून काटे नसलेल्या जातीही विकसित केल्या. पण कापणीचे कष्ट, भावाची अनिश्चितता आणि नव्या पिकांची ओढ यांपुढे करडईचा पेरा झपाट्याने घटला. तिची जागा मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनने घेतली, लातूर त्या पिकाची मोठी बाजारपेठ झाली, आणि दुसरीकडून आयातीचे पामतेल आले. सत्तरच्या दशकातील टंचाईत लाटणे हाती घेऊन मोर्चे काढणाऱ्या मुंबईच्या स्त्रियांच्या तक्रारींत तेलही होते. त्यानंतरच्या काळात रेशनच्या दुकानात पामोलिन मिळू लागले ते हा असंतोष शमवण्यासाठी. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाल्यावर काही वर्षे देश स्वयंपूर्णतेच्या जवळ आला, परंतु १९९४ पासून पामोलिनची आयात खुली झाली आणि तेलबियांच्या शेतकऱ्याला मलेशिया-इंडोनेशियाच्या मळ्यांशी स्पर्धा करावी लागली. पामतेलात जवळजवळ निम्मे मेदाम्ल संपृक्त असते. तुपावर ज्या कारणाने बोट ठेवले गेले तेच कारण फरसाणाच्या कढईत स्वस्त भावाने परतले.

कोणता स्नेह, या वादात किती स्नेह हा प्रश्न मात्र मागे पडला. दरडोई ३.२ किलोंचा आकडा २०००-०१ मध्ये ८.२ किलोंवर गेला आणि अलीकडच्या वर्षांत तो १९ किलोंच्या आसपास आहे, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमहून अधिक. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने सुमारे ४ किलोकॅलरी देतात, तर एक ग्रॅम कोणताही स्नेह, मग तो करडईचा असो, तुपाचा असो की पामचा, ९ देतो. तेव्हा तेलातून मिळणारी ऊर्जा दोन पिढ्यांत दिवसाला सुमारे ८० वरून साडेचारशे किलोकॅलरींच्या पुढे गेली, आणि ती नेमकी अशा काळात गेली जेव्हा शेतातली, गिरणीतली आणि घरातली अंगमेहनत कमी होत होती. 'हलके' तेल घेतले की वजन वाढत नाही, हा समज जाहिरातींनी रुजवला. हलकेपणा तेलाच्या जिभेवरच्या चिकटपणात असतो, ऊर्जेत नाही.

या वाढीचा भार मराठी शरीरावर विशेष पडण्याचे एक कारण पुण्यातच सापडले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी होती. परंतु त्यांचे स्नायू आणि अवयव ज्या प्रमाणात लहान होते त्या प्रमाणात त्वचेखालची चरबी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या पण आतून मेदयुक्त अशा या ठेवणीचा मधुमेहाशी असलेला संबंध पुढे जगभर चर्चिला गेला. त्याच गावांत असेही दिसले की ज्या माता दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे मोठी होती. म्हणजे ज्या स्त्रीला गर्भारपणात स्नेह आणि जीवनसत्त्वे कमी पडली, तिचेच मूल पुढे शहरात आल्यावर स्नेहाच्या विपुलतेने आजारी पडण्याचा धोका अधिक. दुष्काळ आणि सुकाळ दोन्ही एकाच आयुष्यात सोसावे लागलेल्या समाजाची ही स्थिती आहे.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात 'लाकडी घाण्याचे तेल' अशा पाट्यांची दुकाने उघडली आहेत. लाट लाकडाचीच असते, बैलाच्या जागी विजेची मोटर असते, आणि करडई, शेंगदाणा, तीळ, खोबरे, जवस यांचे तेल गिऱ्हाइकासमोर गाळून दिले जाते. भाव रिफाइंड पिशवीपेक्षा बराच चढा असल्याने घेणारा बहुधा सुस्थितीतला असतो. करडईचे बी त्यातील पुष्कळ दुकानदारांना आता दूरवरून मागवावे लागते, कारण सोलापूर-मराठवाड्यातील ज्या ज्वारीच्या रानांभोवती तिचे काटेरी पट्टे उभे असत, तेथे खरिपात सोयाबीन असते.